एचआयव्ही मागे कसा हटला, आणि बारामती-इंदापूरनं त्यातून काय लक्षात ठेवायचं

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची कॉलेजच्या पोरांची रॅली भिगवण रस्त्यावरून चालली होती. मी टपरीवर चहा पीत होतो. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "एड्स अजून आहे का? तो गेला की मागंच." दुसरे म्हणाले, "असंल तर असल्या लोकांना. आपल्याला काय त्याचं?"

दोन्ही माणसं चांगली. बागायतदार, घरदार सांभाळणारी. त्यांच्याशी तिथं वाद घातला नाही, पण ती दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. म्हणून हे लिहितोय.

आधी आकडे. नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना. तिच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगतायत. त्या एका वर्षात नव्यानं लागण झालेले ६८ हजारांच्या वर. राज्यवार पाहिलं तर सगळ्यात मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या जवळपास. म्हणजे एड्स गेलेला नाही. पण २०१० शी तुलना केली तर नवी लागण सुमारे ४४ टक्क्यांनी घटलीय आणि एड्समुळं होणारे मृत्यू जवळपास ७९ टक्क्यांनी. हे आपोआप झालेलं नाही. ते कुणी केलं, कसं केलं, आणि त्याआधी कायकाय करून फसलं, हा इतिहास आपल्याकडं कुणी सांगत नाही.

माझ्या वयाच्या लोकांना नव्वदचं दशक आठवत असेल. एसटी स्टँडच्या भिंतीवर लाल रंगात कवटी आणि "एड्स म्हणजे मृत्यू" असल्या घोषणा. शेजारच्या गावात एक ट्रक ड्रायव्हर आजारी पडला, वाळत गेला आणि वारला. कशानं वारला ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण त्या घरचा चहा लोकांनी बंद केला. त्याची बायको दोन लेकरं घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. तिची तपासणी झाली का, तिला औषध मिळालं का, हे गावानं कधी विचारलं नाही. भिंतीवरच्या कवटीनं आम्हाला घाबरायला शिकवलं, पण काय करायचं ते शिकवलं नाही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेलप्पन निर्मला या तरुण संशोधक विद्यार्थिनीनं रक्ताचे नमुने गोळा केले. ते नमुने होते देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचे, आणि त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. काम मोठं धाडसाचं होतं, त्याबद्दल त्या दोघींना मानलंच पाहिजे. पण लोकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. ज्यांना तपासलं त्यांच्यात विषाणू सापडला, म्हणून हा आजार "त्या बायकांचा" ठरला. त्यांच्याकडं जाणारे पुरुष तेव्हा कुणी तपासलेच नव्हते.

आणि ही खोड एड्सपासूनची नाही, त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे. ती आपल्या पुण्यातच बघायला मिळते.

ब्रिटिशांच्या काळात पुणे आणि खडकीला मोठ्या लष्करी छावण्या होत्या. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग फार होत. त्यावर सरकारनं काय उपाय काढला? १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा. या कायद्यांनी वेश्यांची नावनोंदणी सक्तीची केली. ठरावीक दिवशी त्यांची तपासणी व्हायची, आणि रोग आढळला तर बाईला "लॉक हॉस्पिटल" नावाच्या दवाखान्यात डांबून ठेवायचे. सैनिकांना अशी नोंदणीही नव्हती आणि डांबणंही नव्हतं. परिणाम व्हायचा तोच झाला. बायका नाव नोंदवायचं टाळू लागल्या, छावणी सोडून पळू लागल्या, लपून धंदा करू लागल्या. सैनिकांमधला रोग काही हटला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्यासारख्या स्त्रियांनी या कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ केली. शेवटी तिकडं १८८६ मध्ये आणि इकडं १८८८ मध्ये हे कायदे गुंडाळावे लागले.

हा धडा एकदा शिकून झाला होता. तरी एड्स आला तेव्हा आपण तो पहिल्यापासून गिरवला.

१९८९ ची गोष्ट, गोव्यातली. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण. नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. तेव्हा गोव्यात असा कायदा होता की एचआयव्ही असलेल्या माणसाला वेगळं ठेवायचं. त्याला पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याचा गुन्हा काय, तर त्यानं रक्त दिलं होतं. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. देशभर आवाज उठला. डॉमिनिक बाहेर आला, त्यानं एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी "पॉझिटिव्ह पीपल" ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. विचार करा, ६४ दिवस कोंडलेल्या माणसाची बातमी पेपरात वाचल्यावर दुसरा कुठला माणूस आपणहून तपासणीला जाईल?

त्यानंतर १९९६ ची मुंबई. फेब्रुवारीत पोलिसांनी कामाठीपुऱ्यात आणि आसपास मोठ्या धाडी टाकल्या. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या, त्यात नेपाळच्या बऱ्याच. अल्पवयीन मुलींना सोडवणं हे करायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण पुढची तयारी नव्हती. सुधारगृहं भरली, मुली आजारी पडल्या, आणि बाहेर बातम्या झाल्या त्या त्यांच्या एचआयव्हीच्या. वस्तीत उरलेल्या बाया आणखी आत लपल्या.

लॉक हॉस्पिटल, म्हापसा आणि कामाठीपुरा यांत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, पण विचार एकच: धोका त्या माणसांमध्ये आहे, तेव्हा त्यांना पकडा, तपासा, वेगळं काढा, म्हणजे आपण सुरक्षित.

आता टपरीवरच्या दुसऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडं येतो. "आपल्याला काय त्याचं?"

याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, तिला आपण "नारी" म्हणतो. डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात का? कोरोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर शांतपणे माहिती द्यायचे ते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दोन दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची १९९३ ते १९९६ या काळात तपासणी केली. १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष अमेरिकेच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये लागणीचं प्रमाण ४९.९ टक्के होतं. याची सगळ्यांना अपेक्षा होती. धक्का दुसऱ्या आकड्यानं दिला. ज्या स्त्रिया देहविक्री करत नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के जणींना लागण झालेली होती. यातल्या बहुतेक विवाहित, आणि आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध नसलेल्या.

म्हणजे दवाखान्याच्या दारात आलेल्या दर सात-आठ घरच्या बायकांमागे एकीला. तिनं काही केलं नव्हतं. तिचं लग्न झालं होतं, एवढंच.

त्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोची गोष्ट हीच होती.

वस्तीतली बाई, तिच्याकडं येणारा गिऱ्हाईक, त्याची घरची बायको आणि तिच्या पोटातलं बाळ अशी ही साखळी आहे. ती तुटायची असेल तर पहिल्या कडीपाशी तुटते. वस्तीतल्या बाईच्या हातात निरोध असेल, आणि गिऱ्हाइकाला "वापर, नाहीतर चालता हो" म्हणायची ताकद असेल, तर गावातली एक सून वाचते. ती बाई सुरक्षित तर आपण सुरक्षित, इतका साधा हिशोब आहे.

हा हिशोब पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आला त्यातली काही माणसं आपल्या शेजारच्या सांगलीत होती.

१९९२ मध्ये मीना शेषू यांनी "संग्राम" म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेमार्फत सांगलीच्या गोकुळनगरमध्ये काम सुरू केलं. निरोध वाटायचे होते. वाटणार कोण? बाहेरून आलेल्या शिकलेल्या बाईनं वाटले तर समोरची हसून ठेवून देणार. मग वस्तीतल्या बायांनीच वाटायचं ठरलं. गिऱ्हाइकाला कसं पटवायचं, दारू प्यालेल्याशी कसं बोलायचं, मालकिणीला कसं वळवायचं, हे डॉक्टरला काय माहीत? ते त्यांनाच माहीत. ज्यांना सगळे "प्रश्न" म्हणत होते त्या कार्यकर्त्या झाल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना केली, तिचं नाव "वेश्या अन्याय मुक्ती परिषद", म्हणजे व्हॅम्प. निरोधाच्या जोडीला पोलिसांचा मार, गुंडांचा हप्ता, पोरांची शाळा, रेशनकार्ड असे सगळे विषय आले. कारण रात्री पोलिसाचा मार खाणारी बाई सकाळी तपासणीला कशी जाईल? आधी माराचं बघावं लागतं.

त्याच १९९२ मध्ये कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी अशाच रीतीनं काम सुरू केलं होतं. पुण्यात बुधवार पेठेत पुढं "सहेली संघ" उभा राहिला, तोही तिथल्याच बायांचा. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये "हमसफर ट्रस्ट" काढून समलिंगी पुरुषांमध्ये आणि तृतीयपंथीयांमध्ये काम उभं केलं. सगळीकडं सूत्र एकच होतं: ज्याचा प्रश्न आहे त्याच्या हातात काम द्या.

आणि या लोकांचा कणा किती ताठ होता त्याचं एक उदाहरण. अमेरिकेनं २००३ मध्ये नियम केला की आमच्या एड्सच्या पैशातून काम करायचं असेल तर संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यावं. संग्रामनं २००५ मध्ये ते लिहून द्यायला नकार दिला आणि ते पैसे सोडले. ज्यांच्या जोरावर काम उभं राहिलं त्यांच्याविरुद्ध कागदावर सही करून काम करायचं कसं?

सरकारनंही हे सूत्र उचललं, याचं श्रेय द्यायला हवं. नॅको १९९२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ मध्ये. हळूहळू "लक्ष्यगट हस्तक्षेप" नावाची योजना बसत गेली. नाव सरकारी आहे, पण काम समजून घेण्यासारखं आहे.

आधी नकाशा करायचा, म्हणजे तालुक्यात कुठं, किती, कोणत्या वेळी लोक भेटतात ते बघायचं. मग त्यांच्यातलाच एक जण निवडायचा, साधारण साठ जणांमागे एक. त्याला म्हणतात पीअर एज्युकेटर, आपण सोबती कार्यकर्ता म्हणू. तो किंवा ती प्रत्येकीला नियमित भेटणार, लागतील तेवढे निरोध देणार, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात नेणार, सहा महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करवणार. इतर गुप्तरोग असेल तर आधी तो बरा करायचा, कारण जखम किंवा सूज असेल तर एचआयव्ही लवकर शिरतो. तपासणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. ती फुकट असते, नाव गुप्त ठेवतात, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशक बोलतो. ट्रकवाल्यांसाठी महामार्गावर आणि मालवाहतुकीच्या अड्ड्यांवर वेगळी योजना, स्थलांतरित कामगारांसाठी वेगळी, आणि जिथं वस्ती अशी नसते अशा खेड्यांसाठी "लिंक वर्कर". २००३ नंतर गेट्स फाउंडेशनच्या "आवाहन" प्रकल्पानं महाराष्ट्रासह सहा राज्यांत या कामाला मोठं बळ दिलं. त्यातच ट्रकचालकांसाठी "खुशी क्लिनिक" निघाली.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. भिंतीवरची "एड्स म्हणजे मृत्यू" ही घोषणा त्या दिवसापासून खोटी ठरू लागली. २०१७ पासून धोरण असं आहे की पॉझिटिव्ह निघाला की लगेच गोळ्या सुरू. आणि गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे आता जगभर सिद्ध झालंय. म्हणजे गोळी खाणाऱ्याचाही जीव वाचतो आणि त्याच्या जोडीदाराचाही.

फळ काय मिळालं? २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये लागणीचं प्रमाण १.८५ टक्के निघालं. पुण्याच्या दवाखान्यातले १९९० च्या दशकातले ४९.९ टक्के आणि हे देशभरचे १.८५ टक्के यांची थेट तुलना होत नाही. तिथं मुळात गुप्तरोगाच्या उपचाराला आलेल्या बाया होत्या, इथं सगळीकडच्या. तरीही काळ कुठून कुठं आला ते कळतं. गरोदर महिलांमध्ये हेच प्रमाण ०.२२ टक्के आहे. त्या आकड्यामागं गोकुळनगरच्या, बुधवार पेठेच्या, सोनागाछीच्या बाया उभ्या आहेत. त्यांच्या नावानं कुठं फलक लागलेला नाही.

कायदाही मागून का होईना आला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितलं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या कामगाराला नाव लपवून खटला लढवू दिला, हेही मोठंच. २००१ मध्ये लखनौला समलिंगी पुरुषांमध्ये एड्स रोखण्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी कलम ३७७ लावून आत टाकलं होतं. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द ठरवलं. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. आणि १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना सन्मानानं वागवा असं बजावलं, आणि जवळ निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका असंही सांगितलं.

आता आपल्याकडं वळू.

बारामती-इंदापूरला बुधवार पेठ नाही. गोकुळनगरही नाही. म्हणून आपल्याला वाटतं, इथं हा प्रश्नच नाही. पण आपला भाग कसा आहे ते बघा. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, लोणी देवकर करत इंदापूरवरून जातो. रात्रभर ट्रक, रात्रभर धाबे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने. दिवाळी झाली की बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतात, खोपी पडतात, आणि चार-सहा महिने ती माणसं आपल्या फडात असतात. बारामतीची एमआयडीसी, तिथं कुठून कुठून आलेली एकटी पोरं भाड्याच्या खोल्यांत. ज्या रस्त्यानं तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्याच रस्त्यानं हे सगळं चालतं.

मी ऊसतोडवाल्यांना किंवा ड्रायव्हरला दोष देत नाही, हे स्पष्ट सांगतो. तसं केलं तर मीही लॉक हॉस्पिटलच्याच रांगेत बसलो. कोयत्यावर आलेलं जोडपं पहाटे चारला फडात जातं. त्यातल्या बाईला फडात संडास नाही, दवाखाना लांब, आणि कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडं करायची ते माहीत नाही. धोका हा माणसाच्या जातीत, गावात, धंद्यात नसतो. घरापासून लांब असणं, एकटं असणं, पैशानं अडलेलं असणं, दवाखान्यात जायला भीती वाटणं, यात तो असतो. आणि या चारही गोष्टी आपल्या भागात हंगामासोबत येतात.

इथली अडचण वेगळी आहे. वस्ती एका जागी असली की कार्यकर्ती रोज तिथं जाऊ शकते. आपल्याकडं सगळं विखुरलेलं. त्यात आता मोबाईल आला. आधी धाब्यावर, स्टँडवर ठरायचं ते आता फोनवर, ॲपवर ठरतं. जुना नकाशा कागदावरच राहतो. समलिंगी पोरांचं तर गावात नावच काढता येत नाही. घरच्यांनी लग्न लावून दिलेलं असतं, आणि मग साखळी पुन्हा त्या बिचाऱ्या सुनेपर्यंत येते. अशा ठिकाणी काम करणारी कार्यकर्ती तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या पेट्रोलवर फिरते, आणि आपण तिला विचारतो, "इथं कशाला आलीस? आमच्याकडं असलं काही नाही."

मग आपण काय करायचं? चार गोष्टी लिहितो, चारही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, कारखाने आणि एमआयडीसी. २०१७ च्या कायद्यानुसार शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत एचआयव्हीबाबतच्या भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. दवाखान्यांत ही मर्यादा वीस माणसांची आहे. आपल्या कारखान्यात तो अधिकारी कोण आहे, हे सभासदांनी वार्षिक सभेत एकदा विचारावं. उसाच्या दरावर तासभर बोलतो आपण, या प्रश्नाला दोन मिनिटं पुरतात. आणि नोकरी देताना एचआयव्हीची तपासणी सक्तीची करणं बेकायदा आहे, हेही ठेकेदारांना कळू द्या.

दुसरी, गोळ्या. बीडच्या केंद्रावर नोंद असलेला कामगार हंगामाला इकडं आला की गोळ्या तुटायची भीती असते. गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा उसळतो. प्रवासात दुसऱ्या केंद्रावरून गोळ्या घ्यायची सोय आहे, पण ती माहीत नसते, आणि मुकादमाला सुट्टी मागायची लाज वाटते. तेव्हा तळावर आरोग्य शिबिर लागलं की मुकादमानं एक दिवस सुट्टी द्यावी. कुणाला कशासाठी जायचंय हे विचारू नये.

तिसरी, धाबे, लॉज आणि पोलीस. निरोधाचा डबा ठेवल्यानं धाब्याची अब्रू जात नाही. कार्यकर्त्याच्या पिशवीत निरोध दिसले म्हणून त्याला ठाण्यात बसवू नये. एड्स रोखण्यासाठी निरोध वाटणं हा गुन्हा धरता येत नाही, असं २०१७ च्या कायद्यातच लिहिलंय.

चौथी, आपलं घर. सून गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात तिची एचआयव्ही तपासणी होते. चांगली गोष्ट आहे, कारण वेळेत कळलं तर औषधानं बाळ जवळपास नक्की वाचवता येतं. पण बहुतेक वेळा घरातलं पहिलं नाव तिचंच बाहेर येतं, कारण तपासणी तिचीच झालेली असते. मग सगळ्यांची बोटं तिच्याकडं. पुन्हा १९८६ सारखंच, ज्याला तपासलं तो गुन्हेगार. म्हणून नवऱ्यानंही सोबत जाऊन तपासून घ्यावं. लग्नाआधी पत्रिका बघतो, तेव्हा दोघांनी आपणहून एकदा आयसीटीसीत जाऊन आलं तर काय बिघडतं?

शंका असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे. नाव सांगावं लागत नाही.

पुढच्या वेळी ते दोघं टपरीवर भेटले की मी त्यांना एवढंच सांगणार आहे. दादा, एड्स गेला नाही, त्याला मागं रेटलंय. आणि ज्यांना आपण "असली लोकं" म्हणतो त्यांनीच तो रेटलाय, स्वतः मार खाऊन, शिव्या खाऊन. तुमच्या आणि माझ्या घरातल्या लेकीबाळी त्यामुळं वाचल्यात. आभार मानायचे नसतील तर नका मानू, पण ती कार्यकर्ती गावात आली तर तिला चहा विचारा.

त्या ड्रायव्हरच्या घरचा चहा आपण बंद केला होता. निदान एवढं तरी आता दुरुस्त करता येईल.